पाराकानांचं जंगल आणि गुरांचे दाखले

तिरफळ | रविवार, २१:४०

खाद्यतेलाच्या धाग्यावर ब्राझीलचा विषय निघाला तेव्हा दोघातिघांनी 'यावर वेगळा धागा काढा' म्हटलं होतं. काढतोय. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, मागाहून कोणी खणून काढायला नको: मी मातो ग्रोसो राज्यात काही वर्षं कीटकनाशकांच्या धंद्यात होतो. ज्या शेतीबद्दल पुढे कुरकुर करणार आहे तिच्याच जिवावर माझं घर चाललं.

अमेझॉन म्हटलं की चर्चा लगेच 'पृथ्वीची फुप्फुसं' वगैरेवर जाते. ते राहू दे. मला एकाच जागेबद्दल लिहायचंय: आपितेरेवा. पारा राज्यात, शिंगू नदीच्या खोऱ्यात, पाराकाना आदिवासींची भूमी. क्षेत्र सुमारे ७ लाख ७३ हजार हेक्टर, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याएवढं. २००७ मध्ये राष्ट्राध्यक्षांची सही होऊन ती कायदेशीर पक्की झाली. ब्राझीलच्या १९८८ च्या संविधानात कलम २३१ आहे. त्यानुसार अशा जमिनीची मालकी केंद्राची, पण राहण्याचा आणि उपभोगाचा हक्क फक्त आदिवासींचा. विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, आणि बाहेरच्या कोणी ती बळकावायला केलेला व्यवहार मुळातच रद्दबातल.

कायद्यात फट नाही. तरीही २०२२ पर्यंतच्या चार वर्षांत ब्राझीलच्या अमेझॉनमधली सर्वांत जास्त तोडली गेलेली आदिवासी भूमी हीच. आत मैलोन्‌मैल कुरणं, तारेची कुंपणं, हजारो गुरं. विला रेनासेन्सा नावाचं चक्क एक गाव वसलं होतं. हॉटेलं, पेट्रोल पंप, दुकानं, प्रार्थनाघरं. लपूनछपून काही नाही, सगळं दिवसाढवळ्या.

हे होतं कसं? पहिले येतात लाकूडवाले. आपितेरेवाच्या बाबतीत १९८० च्या दशकात महोगनीसाठी आले आणि त्यांनी ट्रकसाठी रस्ते काढले. महोगनी संपली, रस्ते राहिले. त्या रस्त्यांवरून जमिनीचे दलाल आणि भूमिहीन कुटुंबं आली. पाऊस थांबला की झाडोरा पाडायचा, काही आठवडे वाळू द्यायचा, ऑगस्ट-सप्टेंबरात पेटवायचा, राखेवर आफ्रिकेतून आणलेल्या गवताचं बी फेकायचं आणि कुंपण घालून गुरं सोडायची. नांगर लागत नाही, माणसंही फार लागत नाहीत. तिथे गुरं पाळतात ती मांसासाठी खरीच, पण त्याहून जास्त ताबा दाखवायला.

शिंगूकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक दृश्य पुन्हा पुन्हा दिसतं. सपाट हिरवं कुरण आणि मध्येच एकटंच, शंभर-दीडशे फूट उंचीचं, काळपट पडलेलं झाड. ब्राझील नटचं. हे झाड तोडायला कायद्याने बंदी आहे, म्हणून आजूबाजूचं सगळं पाडताना तेवढं सोडतात. पण बुंध्याशी आग लागून गेलेली असते आणि परागीभवन करणाऱ्या माश्या जंगलाबरोबर गेलेल्या असतात. फळ धरत नाही, हळूहळू वाळतं. कायदा पाळला गेला, झाड मेलं.

आता मुख्य मुद्दा. करवतीपेक्षा तिथे कागद जास्त चालतो. २०१२ च्या वनसंहितेनंतर ब्राझीलमध्ये प्रत्येक शेतजमिनीची पर्यावरण नोंदणी सक्तीची झाली. हेतू चांगला होता. पण नोंद करतो स्वतः शेतकरी, ऑनलाइन, नकाशावर चौकोन काढून; पडताळणी पुढे कधीतरी. मग लोकांनी आदिवासी भूमीवर चौकोन काढायला सुरुवात केली. पारामध्येच इतुना-इताता नावाचा पट्टा आहे, बाहेरच्या जगाशी संपर्क नसलेल्या लोकांच्या शक्यतेमुळे बंद ठेवलेला. त्याच्या जवळजवळ सगळ्या क्षेत्रावर असे खासगी दावे नोंदवले गेले होते. ही नोंद म्हणजे मालकी नव्हे, असं कायदा स्पष्ट सांगतो. पण बँकेत, दलालाकडे, राजकारण्याच्या कचेरीत ती दाखवता येते. 'आज ना उद्या नियमित होईल' या आशेचा तो कागद.

गुरांच्या दाखल्यांचं नंतर लिहितो, ते याहून मजेशीर आहे. जेवायला बोलावतायत.

---

उंबराचंफूल | रविवार, २२:१५

वाचतेय. पण यात पाराकाना कुठे आहेत? झाडं, गुरं, कागद सगळं आलं, माणसं राहिली. किती लोक आहेत, खातात काय, ही सगळी मंडळी आत घुसली तेव्हा त्यांचं काय झालं?

---

गुंठेवारीग्रस्त | रविवार, २२:३१

'आज ना उद्या नियमित होईल'. बास, इथेच कळलं! आमच्याकडे अख्ख्या वसाहती या एका वाक्यावर उभ्या आहेत. आधी नोटरीवर प्लॉट, मग वीज मीटर, मग नगरसेवक, मग रस्ता, आणि शेवटी शासन निर्णय.

फक्त आमच्या प्लॉटखाली कोणाचं जंगल नव्हतं, एका शेतकऱ्याने राजीखुशीने तुकडे पाडले होते. त्यामुळे तुलना इथवरच.

---

तिरफळ | सोमवार, ००:०५

@गुंठेवारीग्रस्त, अगदी तसंच. आणि ही आशा पोकळ नव्हती. २००९ मध्ये अमेझॉनमधल्या सरकारी जमिनीवरचे ताबे नियमित करायचा कायदा झाला, २०१७ मध्ये त्याची मुदत पुढे सरकवली. त्यात आदिवासी भूमी बसत नाही, पण लोक धडा घेतात तो वेगळाच: तारीख पुढे सरकते. थांबा, बसून राहा. त्यात २०१८ च्या निवडणुकीत बोल्सोनारो 'आदिवासींना आता एक सेंटिमीटरही जमीन नाही' असं सांगून निवडून आले. आपितेरेवात आत बसलेल्यांनी ते काय म्हणून ऐकलं असेल हे सांगायला नको. त्यांच्या चार वर्षांत एकाही नव्या भूमीवर शिक्कामोर्तब झालं नाही.

@उंबराचंफूल, रास्त प्रश्न. आपितेरेवातले पाराकाना म्हणजे काहीशे माणसं. तुपी-ग्वारानी कुळातली भाषा. मुळात भटके, शिकारीवर जगणारे. तापीर, रानडुकरं, जंगलातलं जमिनीवरचं कासव हे आवडीचं खाणं, जोडीला कसावा आणि बाबासू पामची फळं. बाहेरच्या जगाशी त्यांचा कायमचा संपर्क अगदी अलीकडचा, यांच्या शेवटच्या गटांचा तर १९८३-८४ चा. म्हणजे गावातली आजी-आजोबांची पिढी संपर्कापूर्वीचं आयुष्य स्वतः जगलेली आहे. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत एवढी जमीन कुरणाखाली गेली की स्वतःच्याच भूमीच्या मोठ्या भागात त्यांना पाय ठेवता येईना. शिकारीला गेलं तर समोर कुंपण, आणि कुंपणापलीकडे बंदूकवाला माणूस.

आणखी एक. बेलो मोंते हे महाकाय धरण शिंगूवर बांधलं. त्याच्या परवान्याच्या अटींमध्ये आपितेरेवातून बाहेरच्यांना काढणं ही एक अट होती. धरण २०१६ मध्ये वीज द्यायला लागलं. अट तशीच पडून राहिली.

---

पशुवैद्य_अकोला | सोमवार, ०७:५०

धाग्याच्या निमित्ताने गुरांचे फोटो शोधले आणि चहा बाजूलाच राहिला. मोठं वशिंड, लोंबती पोळी, पांढरा रंग, काळी नाकपुडी. ही तर आपली ओंगोल!

तिकडे या जातीला नेलोरे म्हणतात, आंध्रातल्या नेल्लोरवरून. एकोणिसाव्या शतकापासून जहाजाने वळू-गायी तिकडे गेल्या. शेवटची मोठी खेप १९६२-६३ ची. त्यात कारवडी नावाचा एक वळू होता. ब्राझीलच्या पैदासकारांमध्ये त्याचं नाव आजही घेतलं जातं, वंशावळी त्याच्यापर्यंत नेतात. गीरही गेली, ती दुधासाठी. आज ब्राझीलच्या मांसाच्या कळपांत नेलोरे आणि तिचे संकरच जास्त.

कारण साधं आहे. युरोपातली गाय तिथल्या उन्हात धापा टाकते, गोचिडांनी हैराण होते. ओंगोल निकृष्ट गवतावर तग धरते, उष्ण दमट हवेत चालते, गोचिडाला दाद देत नाही, विणीला माणूस लागत नाही. जंगल तोडून दूरवर सोडून द्यायला याहून सोयीचं जनावर नाही. शेतकऱ्याच्या गोठ्यासाठी शतकानुशतकं निवडलेले गुण तिकडे भलत्याच कामी आले.

अवांतर: खुद्द आंध्रात शुद्ध ओंगोल आता शोधावी लागते.

---

रानपाखरू | सोमवार, ०९:२०

+१ पशुवैद्य. हा प्रतिसाद वेगळा लेख होईल.

विदा टाकते, चर्चेला बूड असू दे. ब्राझीलची अवकाश संशोधन संस्था १९८८ पासून उपग्रहावरून दरवर्षी अमेझॉनची तोड मोजते. २००४ मध्ये सुमारे २७,८०० चौरस किमी. मग कडक अंमलबजावणी, राखीव क्षेत्रं, कर्जावर निर्बंध. २०१२ ला ४,६०० वर आली. २०२१ ला पुन्हा १३,००० च्या वर, म्हणजे साडेतीन गोवे एका वर्षात. २०२४ मध्ये सुमारे ६,३००. म्हणजे 'विकास म्हटला की जंगल जाणारच' हे खरं नाही. सरकारने मनावर घेतलं की आकडा उतरतो, हात सैल सोडला की चढतो. २०१९ मध्ये याच संस्थेच्या संचालकांना, रिकार्दो गाल्व्हाव यांना, आकड्यांवरून राष्ट्राध्यक्षांशी वाद झाल्यावर पदावरून हटवलं होतं. आकडा खोटा नव्हता, नकोसा होता.

दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९९० ते २०२० या तीस वर्षांत ब्राझीलच्या आदिवासी भूमींवरचं नैसर्गिक आच्छादन जेमतेम १ टक्का गेलं. खासगी जमिनींवरचं २० टक्क्यांहून जास्त. हे मापबायोमास या उपग्रह-नकाशा प्रकल्पाचं मोजमाप. उपग्रहाच्या चित्रात तर आकडेही नकोत, सीमारेषा आपोआप दिसते: आत गडद, बाहेर फिकट. आपितेरेवा अपवाद होती म्हणून बातमी झाली.

---

शेतकरीपुत्र | सोमवार, ११:०२

थोडं उलट बोलतो, रागावू नका.

एक: युरोपने आपली जंगलं कधीच तोडून शेतं केली, अमेरिकेने केली. आता ब्राझीलचा शेतकरी तेच करतोय तर तो गुन्हेगार. दोन: काहीशे लोकांना कोल्हापूर जिल्ह्याएवढी जमीन, आणि शेजारी भूमिहीन कुटुंबं रस्त्याकडेला ताडपत्रीखाली. हा न्याय कसा? तीन: जे तिथे गेले ते सगळे काही जमीनदार नव्हते. वीस-वीस वर्षं राहिले, मुलं तिथे जन्मली. त्यांना एका हुकमाने ट्रकमध्ये सामान भरायला लावलं.

---

तिरफळ | सोमवार, १३:४०

रागावण्यासारखं काही नाही, हे प्रश्न तिथेही विचारतात. तिसरा आधी घेतो, कारण तो सर्वांत खरा आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आपितेरेवातून बाहेरच्यांना काढायची मोहीम सुरू झाली. मागे सर्वोच्च न्यायालयाचा आदेश. केंद्रीय पोलीस, राष्ट्रीय दल, आदिवासी विभाग फुनाई, पर्यावरण खातं इबामा, सगळे एकत्र. त्या गडबडीत गोळी लागून एका वस्तीकराचा जीवही गेला. मार्च २०२४ मध्ये जमीन औपचारिकपणे पाराकानांच्या हाती आली. जे खरोखर भूमिहीन होते त्यांना सरकारी पुनर्वसनात जागा मागता येत होती. ती सगळ्यांना वेळेवर मिळाली असेल असा माझा अजिबात समज नाही. सरकारी पुनर्वसन कसं असतं हे आपल्याला कोयना-उजनीपासून ठाऊक आहे.

पण या गरिबांना तिथे धाडलं कोणी? १९७० मध्ये लष्करी राजवटीने अमेझॉनच्या पोटातून महामार्ग काढायला घेतला तेव्हा घोषणा होती, 'माणसांविना जमीन, जमिनीविना माणसांसाठी'. जमीन माणसांविना नव्हती, हे सरकारला माहीत होतं. भूमिहीनांचा खरा प्रश्न दक्षिणेत आणि ईशान्येत होता, तिथल्या मोठ्या जमीनदारीत. ती मोडण्यापेक्षा माणसं जंगलात पाठवणं सोपं. रोंडोनिया राज्यात तर सरकारच्याच भूवाटप संस्थेने वसाहतीचे पट्टे आज उरु-एऊ-वाऊ-वाऊ लोकांच्या भूमीत येणाऱ्या भागात वाटले. ते भांडण अजून मिटलेलं नाही.

आणि पुढे काय होतं बघा. गरीब कुटुंब पुढे जातं, मलेरिया सोसतं, झाडं पाडतं. तीन-चार वर्षांनी कर्ज, आजारपण. मग तुकडा विकून आणखी आत सरकतं. विकत घेणारा शहरात असतो, त्याची गुरं नोकर सांभाळतात. हकालपट्टीच्या वेळी कॅमेऱ्यापुढे मात्र पहिलंच कुटुंब उभं केलं जातं. आपितेरेवा जिच्या हद्दीत येते त्या साओ फेलिक्स दो शिंगू या तालुकावजा नगरपालिकेचं क्षेत्र सुमारे ८४,००० चौरस किमी, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहून मोठं. गुरांच्या संख्येत ती ब्राझीलमध्ये पहिली, वीस लाखांच्या वर. हा कळप भूमिहीनांचा नाही. सीमांकनाविरुद्ध वर्षानुवर्षं कोर्टबाजी करणारी नगरपालिकाही हीच.

दुसरा मुद्दा, 'एवढ्या थोड्यांना एवढी जमीन'. उलट उदाहरण आहे. दक्षिणेकडे मातो ग्रोसो दो सूल राज्यात ग्वारानी-कायोवा लोकांना शंभर वर्षांपूर्वी छोट्या छोट्या राखीव तुकड्यांत कोंबलं. दोरादोसचा तुकडा साधारण ३,५०० हेक्टर, आज तिथे तेरा हजारांवर माणसं. बाकीची जमीन आता सोया, मका, ऊस. तिथल्या तरुणांमधलं आत्महत्यांचं प्रमाण इतकं भयानक आहे की त्याच्यावर स्वतंत्र धागा लागेल. आपल्या पूर्वजांच्या शेतात परत जाऊन तंबू ठोकले की खासगी बंदूकधारी येतात. त्यांचे नेते मार्सल दे सोझा यांनी १९८० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांच्यापुढे ही कैफियत मांडली होती. १९८३ मध्ये त्यांचा खून झाला. कमी जमीन दिली की प्रश्न सुटतो, असं कोणाला वाटत असेल तर ते राज्य बघून यावं.

पहिल्या मुद्द्याला माझ्याकडे पुरेसं उत्तर नाही. युरोपने तोडली, खरंय.

---

कोरचीकर | सोमवार, १५:१०

आमच्या गडचिरोलीतलं सांगायचं तर मेंढा-लेखाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तुम्ही ऐकली असेल. इथे हक्क ग्रामसभेचा, राखण करायची आणि बांबू विकायचा निर्णयही तिचाच. ब्राझीलमध्ये मालकी केंद्राची असेल तर राखण कोण करतं? आमच्याकडे फॉरेस्टवाल्यांच्या भरवशावर बसलो असतो तर बांबू कधीच पेपर मिलला गेला असता.

---

तिरफळ | सोमवार, १८:२५

@कोरचीकर, कागदोपत्री राखण फुनाई आणि केंद्रीय पोलिसांची. प्रत्यक्षात लाखो हेक्टरला मूठभर कर्मचारी. म्हणून लोकांनी स्वतःच गस्ती पथकं केली. मारान्याव राज्यात ग्वाजाजारांचे 'जंगलाचे राखणदार' आहेत. त्यांच्यातल्या पावलो पावलिनो ग्वाजाजारांना नोव्हेंबर २०१९ मध्ये लाकूडचोरांनी गोळ्या घातल्या. रोंडोनियात उरु-एऊ-वाऊ-वाऊंच्या गस्तीतले आरी, पेशाने शिक्षक, एप्रिल २०२० मध्ये मारले गेले. हे लोक आता ड्रोन उडवतात, तोडीच्या जागेचे अक्षांश-रेखांश टिपतात आणि तक्रार पुराव्यानिशी करतात. तुमच्या ग्रामसभेकडे असलेला एक अधिकार त्यांच्याकडे नाही: घुसखोराला स्वतः अडवायचा. अडवलं तर तेच अडकतात.

रोंडोनियातल्याच कारिपुनांचं तर ऐकवत नाही. १९७० च्या दशकातल्या संपर्कानंतर रोगराईने आठ माणसं उरली होती. तिथून वाढून आज साठेक. त्यांच्या दीड लाख हेक्टरवर डोळा ठेवणाऱ्यांची संख्या याच्या कितीतरी पट.

आता दाखल्यांचं, कबूल केल्याप्रमाणे.

ब्राझीलमध्ये जनावर एका शेतावरून दुसऱ्या शेतावर न्यायचं तर वाहतुकीचा दाखला लागतो. तो मुळात रोगनियंत्रणासाठी, लाळ्या-खुरकूत पसरू नये म्हणून. पशुसंवर्धन खात्याला जमीन कोणाची याच्याशी घेणंदेणं नाही. लस दिली का, जनावरं किती, कुठून कुठे, एवढंच. त्यामुळे बेकायदा कुरणातल्या गुरांनाही रीतसर दाखले मिळत आले. म्हणजे एका खात्याच्या लेखी ती जमीन आदिवासींची आणि तिथे गुरं असूच शकत नाहीत, तर दुसऱ्या खात्याच्या लेखी तिथे अमुक इतक्या गुरांना लस टोचलीय!

२००९ मध्ये पारातल्या सरकारी वकिलांनी मोठ्या कत्तलखान्यांकडून लेखी करार करून घेतले की बेकायदा तोडलेल्या जमिनीवरची गुरं घेणार नाही. कत्तलखाने तपासतात, नाही असं नाही. पण तपासतात तो शेवटचा विक्रेता. वासरू जन्मतं एकीकडे, वाढतं दुसरीकडे, चरबी धरतं तिसरीकडे. पहिल्या दोन ठिकाणांकडे कोणी बघत नाही. बेकायदा कुरणातून वासरं निघतात, काही दिवस एका 'स्वच्छ' शेतावर थांबतात, कधी तर कागदावरच थांबतात, आणि तिथून नव्या दाखल्यावर पुढे जातात. पारा राज्याने २०२३ मध्ये प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला लावायचा कार्यक्रम जाहीर केला. पशुपालकांनी पाय ओढले ते अपेक्षितच.

---

पशुवैद्य_अकोला | सोमवार, १९:०५

कानातला बिल्ला आपल्याकडेही आहे, बारा आकडी. तो लावताना जनावर किती नाचवतं आणि नंतर किती बिल्ले कुंपणाला अडकून तुटतात हे मी रोज बघतो. चार-दोन गायींच्या गोठ्यात ही गत. दहा हजार हेक्टरवर मोकाट सुटलेल्या कळपात प्रत्येक वासराला जन्मल्याबरोबर बिल्ला लावायचा म्हणजे मनुष्यबळ कुठून आणायचं? आणि जन्म कुठे झाला हे लिहिणार कोण? मालकच ना?

---

खमंग | सोमवार, २०:३०

सगळं वाचून डोकं भणभणलं. साधा प्रश्न: मी फोडणीला सोयाबीन तेल वापरते. वापरू की नको?

---

तिरफळ | सोमवार, २१:५०

वापरा. खाद्यतेल आपण निम्म्याहून जास्त आयात करतो, सोयातेल प्रामुख्याने अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून येतं. पण तुमच्या पिशवीतलं तेल पाराकानांच्या जमिनीवरून आलंय असं म्हणणं धादांत चूक होईल. अमेझॉनमध्ये तोडलेल्या जमिनीचा फार मोठा हिस्सा कुरण आहे. सोयावर २००६ मध्ये व्यापाऱ्यांनीच एक बंधन घालून घेतलं: ठरावीक तारखेनंतर तोडलेल्या अमेझॉनच्या जमिनीवरचा सोया घ्यायचा नाही. ते बऱ्यापैकी चाललं. मात्र २०२५ मध्ये ब्राझीलच्याच स्पर्धा नियामकाने ही व्यापाऱ्यांची आपसातली साठगाठ ठरवून त्याच्यावर कारवाई सुरू केली.

सोयाचा दोष आडवळणाने येतो. जुनं कुरण चांगल्या भावाने सोयावाल्याला विकायचं आणि त्या पैशात उत्तरेकडे दहापट जंगल घ्यायचं. मातो ग्रोसोत माझे कितीतरी गिऱ्हाईक असे होते. वडील गुरं राखायचे, मुलगा सोया पेरतो, आणि गुरं? 'ती वर पारात पाठवली.'

शिवाय सोया सीमेपर्यंत येतो. शिंगूचं मोठं आदिवासी उद्यान १९६१ पासून राखीव आहे, आतलं जंगल टिकून आहे. पण त्याच्यातून वाहणाऱ्या नद्यांचे उगम सीमेबाहेर, शेतांमध्ये. आतल्या लोकांनी एक झाड तोडलं नाही तरी नदीत काय वाहून येणार हे बाहेरचा शेतकरी ठरवतो. मी तिथे काय विकत होतो हे वर सांगितलंच आहे.

मांसाबद्दल म्हणाल तर ब्राझील गोमांसाचा जगातला सर्वांत मोठा निर्यातदार आणि चीन सर्वांत मोठा गिऱ्हाईक. तरीही बरंचसं मांस ब्राझीलमध्येच खाल्लं जातं, रविवारच्या शेगडीवर. त्यामुळे युरोपने २०२३ मध्ये केलेल्या कायद्याने (२०२० नंतर तोडलेल्या जमिनीवरचा सोया, गोमांस, कॉफी वगैरे बंद) फार क्रांती होईल असं मला वाटत नाही. त्याची अंमलबजावणीही पुढे ढकलत आलेत.

---

शेतकरीपुत्र | मंगळवार, ०८:४५

दोरादोसचं माहीत नव्हतं. बरं झालं लिहिलंत.

पण एक राहिलं. आदिवासींनी स्वतः सोया पेरला तर? की त्यांनी कासवंच खायची असा आपला आग्रह?

---

रानपाखरू | मंगळवार, १०:१०

पेरतातच की. मातो ग्रोसोतले पारेसी हजारो हेक्टरवर यंत्रांनी सोया-मका करतात. आधी बाहेरच्यांशी भागीदारीत होतं. आदिवासी भूमी भाड्याने देता येत नाही आणि तिथे जनुकीय बदल केलेलं बियाणंही चालत नाही, त्यामुळे २०१८ मध्ये इबामाने दंड ठोकला. नंतर त्यांनी स्वतःच्या सहकारी संस्थांमार्फत, साधं बियाणं वापरून शेती सुरू ठेवली. यावर आदिवासी संघटनांमध्येच दोन तट आहेत. एक म्हणतो, आमची जमीन, आमचा निर्णय. दुसरा म्हणतो, तुमची उदाहरणं दाखवून उद्या सगळ्यांच्या जमिनी भाडेपट्ट्याला खुल्या करतील. मला दोन्ही पटतात, म्हणजे माझं काही ठरलेलं नाही.

---

उंबराचंफूल | मंगळवार, १२:००

तिरफळ, मार्च २०२४ नंतर काय? जमीन मिळाली, मग?

आणि ते 'कालमर्यादे'चं प्रकरण काय आहे, पेपरात ओझरतं वाचलं होतं.

---

तिरफळ | मंगळवार, २२:२०

पाराकानांनी आतल्या भागात, जिथे कुरणं होती तिथे नवी गावं वसवली. यात भावनेपेक्षा डावपेच जास्त: रिकामी जमीन दिसली की पुन्हा कोणी येतं, हे ते शिकलेत. घुसखोरांनी अधूनमधून हल्लेही केले. मागे राहिलेली मोकाट गुरं हाकलणं हे वेगळंच काम होऊन बसलं. ओंगोलची चिवट जात, पशुवैद्यांनी सांगितलंच. आणि ते आफ्रिकन गवत. ते दर उन्हाळ्यात पेटतं आणि पहिल्या पावसात पुन्हा उगवतं, झाडाच्या रोपाला डोकं वर काढू देत नाही. जंगल तोडायला एक मोसम लागला होता.

कालमर्यादा अशी: ५ ऑक्टोबर १९८८ ला, म्हणजे संविधान लागू झालं त्या दिवशी, जी जमात प्रत्यक्ष त्या जमिनीवर होती किंवा कोर्टात भांडत होती तिलाच हक्क. ज्यांना त्याआधी बंदुकीच्या धाकाने हुसकलं होतं त्यांचा हक्क गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शोकलेंग जमातीच्या खटल्यात ही कल्पना ९ विरुद्ध २ मतांनी फेटाळली. शेतीवाल्यांचं बळ असलेल्या संसदेने आठवड्याभरात तोच मुद्दा कायदा म्हणून मंजूर केला. राष्ट्राध्यक्ष लुलांनी त्यातली मुख्य कलमं नकाराधिकार वापरून उडवली. डिसेंबरात संसदेने तो नकार रद्द केला. तेव्हापासून न्यायालय विरुद्ध संसद चालूच आहे.

पाराकानांवर याचा थेट परिणाम नाही, त्यांची सही २००७ ची. पण बाहेर काढलेले लोक काही चंद्रावर गेले नाहीत. ते साओ फेलिक्समध्ये, शेजारच्या गावांत आहेत, मतदार आहेत, आणि संसदेतलं प्रत्येक मतदान कान देऊन ऐकतात. तारीख पुढे सरकते हा धडा ते विसरलेले नाहीत.

---

गुंठेवारीग्रस्त | मंगळवार, २२:४८

आमच्या नगरसेवकालाही हेच पाठ आहे.

---

कोरचीकर | बुधवार, ०७:१५

त्या गवताबद्दल अजून लिहा. आमच्याकडे घाणेरीने तसंच केलंय, बांबूच्या कोंबालाही वर येऊ देत नाही. आम्ही पावसाच्या तोंडाशी मुळासकट उपटतो, ग्रामसभेकडून मजुरी देऊन. तिकडे काय करतात? आणि ब्राझील नटची रोपं त्या गवतात लावून कोणी बघितलीयत का?

---

तिरफळ | बुधवार, ०९:३०

गवताच्या मुळाशी सावली पोचली की ते हरतं, म्हणून आधी भराभर वाढणारी झाडं दाट पेरतात. शिंगू खोऱ्यात एक पद्धत चांगली रुजलीय: निरनिराळ्या झाडांच्या बिया वाळू आणि हिरवळीच्या पिकांच्या बियांत मिसळून सरळ शेतात पेरायच्या, रोपवाटिकेची भानगडच नाही. बिया गोळा करणाऱ्यांचं मोठं जाळं आहे, त्यात आदिवासी बायका पुष्कळ, आणि बियांचे पैसे रोख मिळतात. त्या मिश्रणात काय काय घालतात, कुठली बी आधी भाजावी लागते, कुठली पाण्यात ठेवावी लागते, हे रात्री सविस्तर टाकतो. ब्राझील नटची बी उगवायलाच महिनोन्‌महिने घेते, त्यामुळे ती बहुधा रोप करूनच लावतात.